नाकाचा कुत्रा की डोळ्यांचा? बीगल आणि कारवानबद्दल

तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांच्या घरात कुत्रा आणायचं पक्कं झालंय, घोडं अडलंय ते जातीवर. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, बीगल आणू की कारवान? मला हा प्रश्न मनापासून आवडला. एक गुडघ्याच्याही खाली राहणारा, लांब कानांचा, बघताक्षणी उचलून घ्यावासा वाटणारा. दुसरा उंच, सडपातळ, आपल्याच तोऱ्यात चालणारा. दिसायला काही म्हणजे काही साम्य नाही, तरी दोघांनाही माणसाने ससा धरण्यासाठीच घडवलं. इंग्लंडमध्ये बीगलचा कळप सशाचा माग काढायचा आणि शिकारी पायी मागोमाग धावायचे. आपल्याकडे मराठवाड्यापासून सोलापूर, विजापूर, मुधोळपर्यंतच्या उघड्या माळरानावर ससा नजरेला पडला की कारवान सुटायचा. शिकार एकच, पण एकाने नाकाने केली, दुसऱ्याने डोळ्यांनी. घरात तुमचे दिवस कसे जाणार हे या फरकावर ठरतं. कुत्र्याच्या आकारावर फारसं नाही.

आधी बीगल घेऊ. झुडपांत शिरलेला कळप दिसेनासा व्हायचा, मग मागच्या माणसाने जायचं कुठे? आवाजाच्या दिशेने. म्हणून माग लागला की हेल काढून ओरडणारी कुत्रीच पुढच्या वेताला निवडली गेली. तोच आवाज आज चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घुमतो आणि सोसायटीच्या मीटिंगला विषय होतो. त्यात हा कळपातला प्राणी, एकटं राहणं त्याला सोसत नाही. सकाळी नऊला कुलूप लावून संध्याकाळी सातला येणाऱ्या घरात बीगल दिवसभर रडतो, दाराची चौकट कुरतडतो. त्याला खोडकर म्हणू नका, तो एकटा पडलाय. पण कळपाने त्याला एक मोठा गुणही दिला. भांडकुदळ कुत्रा कळपात चालतच नसे, त्यामुळे मुलं, पाहुणे, दुसरी कुत्री या सगळ्यांशी त्याचं जमतं.

त्याच्या नाकाची ताकद सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सामान हुंगायला बीगल आणले. मुलाकडे जाताना बॅगेत हापूस दडवून नेणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांची या कुत्र्यांशी गाठ पडली असेल! बीगल या कामाला निवडला तो नाकासाठी, प्रवाशांना त्याची भीती वाटत नाही म्हणून, आणि खाऊसाठी तो काहीही करायला तयार असतो म्हणूनही. हा शेवटचा गुण घरात फार सांभाळावा लागतो. आजीने दिलेलं बिस्किट, धाकट्याने टाकलेली पोळी, सगळं पोटात जातं आणि तीन वर्षांत त्याचं पिंप होतं. बरगड्यांवर हात फिरवा. हाडं बोटांना सहज लागायला हवीत. चाचपडावं लागलं तर खाणं कमी करा. आणि आठवड्यातून एकदा त्याचा कान उलटा करून वास घ्या. लोंबत्या कानात हवा खेळत नाही, आंबूस वास आला की डॉक्टरकडे जायचं.

आता कारवान. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. टपाल खात्याने २००५ मध्ये तिच्यावर तिकीट काढलं, लष्करानेही तिला प्रशिक्षण दिलं. आपल्या मातीतल्या जातीचा अभिमान मलाही आहे, पण नुसत्या अभिमानापोटी कुत्रा आणू नका. लोकांना वाटतं, एवढा मोठा आणि वेगवान कुत्रा घरात धुडगूस घालेल. तसं होत नाही. सकाळी मनसोक्त पळून आलेला कारवान दिवसभर कोपऱ्यात पडून असतो, उगाच भुंकत नाही. घरच्यांवर त्याचा जीव असतो. परक्याने अंगाला हात लावलेला मात्र त्याला खपत नाही. ज्यांच्याकडे रोज पाहुण्यांचा राबता आहे त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

खरी परीक्षा रस्त्यावर होते. लांबवर काहीतरी पळताना दिसलं की तुमची हाक त्याच्या कानावर पडते, आत शिरत नाही. मांजर, कोंबडी, शेळीचं करडू, काहीही असो. ससा, हरणाचं तर नावच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि तुमच्या कुत्र्याने धरलं तरी जाब तुम्हालाच विचारला जाईल. तेव्हा पट्टा सोडायचा तो चारी बाजूंनी कुंपण असलेल्या जागेतच. पट्टाही बघून घ्या. कारवानचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, तो मागे सरकला की साधा पट्टा कानांवरून सटकतो आणि तुमच्या हातात नुसती दोरी उरते. रुंद, ओढला की बेताने आवळणारा पट्टा घ्या, नाहीतर छातीभोवतीचा.

दवाखान्यात ऐकायला मिळतं, "डॉक्टर, हा सुकत चाललाय हो." मी बघतो तर शेवटच्या बरगड्या आणि कमरेची हाडं जेवढी दिसायला हवीत तेवढीच दिसत असतात! त्याला तूपभात घालून गुबगुबीत करू नका, ते वजन त्याचे सांधे सोसणार नाहीत. अंगावर चरबी नसल्याने या धाटणीच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं जास्त काळ चढतात. ऑपरेशन करायचं असेल तर कारवान आहे हे डॉक्टरला आधीच सांगा. आणि झोपायला जाड गोधडी द्या, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात.

मग माझं मत काय? दोघंही नोकरीला आणि घरी कोणीच नाही, तर यातला एकही आणू नका. घरात दिवसभर माणूस आहे, मुलं आहेत, शेजारी समजूतदार आहेत, तिथे बीगल सुखात राहील. ज्याला पहाटे उठून रोज कुत्रा पळवायचाच आहे आणि ज्याच्या जवळपास बंदिस्त मोकळी जागा आहे, त्याने कारवान आणावा, फ्लॅट असला तरीही.

एका ताईंनी विचारलंय, गावी एकटे राहणाऱ्या सत्तरीच्या वडिलांना सोबत म्हणून काय द्यावं? ताई, कारवान नको. मांजर दिसल्यावर त्याचा पहिला हिसका बसला की वडील पडतील, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं परवडणार नाही. बीगलचं पिल्लूही नको, त्याच्यामागे धावायला त्यांच्यात त्राण नाही. एखाद्याला घर बदलावं लागल्याने द्यायचा असलेला पाच-सहा वर्षांचा, शी-शूची शिस्त लागलेला बीगल शोधा. आणण्याआधी एक संध्याकाळ त्याला वडिलांबरोबर फिरायला पाठवा आणि तो दोरी किती ओढतो ते स्वतः बघा.