कांडी फायटरच्या हातात गप्प का बसते?

नमस्कार मंडळी! आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, टेबलाभोवती बसून जादूच्या जगातली पात्रं रंगवायचा खेळ. त्यातला एक प्रसंग सांगतो. क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीनं जादू करणारं पात्र, बेशुद्ध पडलाय, रक्त वाहतंय. त्याच्या पट्ट्याला क्युअर लाइट वून्ड्सची वाँड, म्हणजे जखम भरणारी कांडी. फायटरनं, म्हणजे लढवय्यानं, ती उपसली, क्लेरिकच्या छातीला टेकवली. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, म्हणाली, "काहीच होत नाही."

फायटर चिडला. पण डीएमचं बरोबर होतं.

आम्ही या खेळाची साडेतीन आवृत्ती खेळतो, २००३ची. त्यात कांडी 'स्पेल ट्रिगर'नं चालते. कांडीतला स्पेल, म्हणजे मंत्र, तुमच्या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या प्रकाराच्या, यादीत असला पाहिजे, मग तो तुम्हाला अजून टाकता येत नसला तरी चालतं. म्हणून पहिल्या लेव्हलचा पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, ही कांडी चालवतो आणि वीस लेव्हलचा फायटर नाही.

आता किमती बघा, मला यातली ही गोष्ट फार आवडते. नवी कांडी ७५० सोन्याच्या नाण्यांना, चार्ज ५०, म्हणजे ५० वेळा चालते. एका वेळेला १५ नाणी. त्याच स्पेलचा स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेली गुंडाळी, २५ला. आणि पोशन, म्हणजे प्यायचं जादूचं औषध? ५०! जखम तेवढीच भरते, मग कांडीच्या तिपटीहून जास्त पैसे कशाचे? पोशन कुणीही पिऊ शकतं, त्याचे. ते 'यूज ॲक्टिव्हेटेड', वापरलं की लागू. स्क्रोल म्हणजे जवळजवळ पूर्ण झालेला स्पेल, शेवटचा तुकडा तुम्ही वाचायचा. त्यासाठी यादीत स्पेल हवाच, आणि शत्रू शेजारी असेल तर वाचता वाचता त्याला फुकटचा वार मिळतो. पोशन पितानाही मिळतो, हे बरेच जण विसरतात.

चौथा प्रकार 'कमांड वर्ड'. ठरलेला शब्द उच्चारायचा, बस. पण तो शब्द रोजच्या बोलण्यातला असेल तर जेवताना चुकून वस्तू सुरू होऊ शकते! आणि समोरच्यानं सायलेन्स, म्हणजे आवाज बंद करणारा स्पेल, टाकला की शब्दावर चालणारी अंगठी बोटात नुसती शोभेला. कांडीलाही एक शब्द बोलावा लागतो, म्हणजे तीही बंद. पोशन तेवढं चालतं. म्हणून लूट वाटताना 'हे काय करतं' याच्याबरोबर 'हे सुरू कसं होतं' हेही डीएमला विचारा.

आणि क्लेरिक? आमच्या रॉगनं, म्हणजे चोरट्या पात्रानं, कांडी हिसकावली. तिच्याकडे यूज मॅजिक डिव्हाइस होतं, फसवून वस्तू चालवायचं कौशल्य. कांडीला फासा आणि कौशल्याचे गुण मिळून २० लागतात. फासा १४ पडला, वर तिचे ७.

क्लेरिकनं डोळे उघडले.