फेस म्हणजे सफाई नव्हे

अध्यक्षबाईंनी ओळख करून देताना ‘रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका’ म्हटलं आणि मागच्या दोन रांगा लगेच ताठ बसल्या. घाबरू नका. हिशेब एकच आहे, तोही तोंडी. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा दिवसांवर आलीय, गणपतीवर फळं-पानं टांगायची माळ्यावरची माटोळी उतरवून झाली असेल, आता मान स्वयंपाकघराकडे वळणार. म्हणून हा विषय मीच मागून घेतला. पत्रिकेत ‘घरातल्या वस्तूंनी गॅस साफ करणे’ असं छापलंय. गॅस साफच असतो हो! त्याचा तो वाससुद्धा मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. घाण होते ती शेगडी.

आधी मी स्वतः कशी तोंडावर पडले ते सांगते, म्हणजे पुढचं उपदेश वाटणार नाही.

तयेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, आदल्या रात्रीची गोष्ट. माझी शेगडी दोन बर्नरची. एक बर्नर मूळचा, पितळेचा. दुसरा कधीतरी बदललेला. दिसायला तसाच पिवळा, हातात घेतला की हलका. तो हलकेपणा मला तेव्हा काहीच बोलला नाही. दोन्ही मी पातेल्यात टाकले, वर धुण्याचा सोडा चांगला मूठभर, त्यावर कढत पाणी. थोड्या वेळाने पातेल्यात बारीक बारीक बुडबुडे. वन्सं आल्या होत्या सणाला, त्यांना मी हाताला धरून दाखवलं, ‘बघा, मळ कसा सुटतोय!’ वन्संनी वाकून पाहिलं, मान डोलावली. आम्ही झोपलो.

सकाळी पितळेचा बर्नर बरा होता. दुसरा काळाठिक्कर, अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. ॲल्युमिनियम होतं ते! अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या खारात, ॲल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन निघतो, हे मी त्याच महिन्यात दहावीच्या वर्गाला शिकवलं होतं. परीक्षानळीत. म्हणजे रात्री ज्याचं मी कौतुक केलं तो मळ नव्हता, माझा बर्नरच बुडबुड्यांवाटे निघाला होता. वर पितळेच्या बर्नरमध्ये पाणी राहिलेलं, ज्योत फडफडत पिवळी यायची, कढईचं बूड काळं. पहिल्या घाण्याच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तेल पिऊन बसल्या. वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, “शाळेंत भुरग्यांक हेंच शिकयता गो?” म्हणजे शाळेत पोरांना हेच शिकवतेस का गं! बाजारहाट करून दमलेले आमचे हे तेवढ्यात ओट्याशी आले आणि म्हणाले, चूल बरी होती. चूल यांनी कधी फुंकलीय ते विचारू नका.

तेव्हापासून बुडबुडे दिसले की मी थांबते. फोनवर हल्ली जे दाखवतात ना, शेगडीवर खायचा सोडा भुरभुरवायचा, वरून व्हिनेगर ओतायचं, फसफसून वर आलं की कॅमेरा जवळ, तिथे माझं भांडण आहे. सोडा हा खार, व्हिनेगर आंबट. दोघं भेटली की एकमेकांना संपवतात. उरतं काय? पाणी, उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक गरीब मीठ. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम खायचा सोडा घेतलात, तर ५ टक्क्यांचं व्हिनेगर ७० मिलिलिटर, सुमारे अर्धी वाटी, त्याला पुरता मारतं. फेसाने एखादा कण ढिला होतो, नाही म्हणत नाही. पण तुम्ही पैसे खर्चून दोन कामाच्या वस्तूंची एक निकामी वस्तू केलीत.

आणि व्हिनेगर कुठलं? आपल्याकडे गोव्यात माडाच्या सुरेचं. नाताळात शेजारीण बाटली देते, ती विंदालूसाठी. ते शेगडीवर ओतताना हात कसा धजावतो? आंबट हवंच असेल तर सोलकढी केल्यावर उरलेली आमसुलं आहेत. आमच्या सासूबाई समई घासायच्या ती याच सालांनी. मग राख, मग पाणी. साल आणि राख एकत्र कालवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या शाळा चौथीपर्यंत…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर भराभर. रेग्युलेटर बंद करा, शेगडी गार होऊ द्या. उडालेलं तेल तापून तापून हवेतला ऑक्सिजन घेतं आणि व्हार्निशसारखं चिकटतं. ते घासून नाही, भिजवून सुटतं. खायच्या सोड्यात जेमतेम पाणी घालून लगदा करा, स्टीलवर थापा, वीस मिनिटं विसरा. मग कढत पाण्यात पिळलेला फडका. अजून चिकट असेल तर पुन्हा तेच, दम धरा. घासायला सोडण, म्हणजे नारळाची शेंडी, घ्या, स्टीलच्या रेघांच्या दिशेने. तारेची घासणी नको, तिचे तुकडे राहतात आणि आपल्या दमट हवेत तिथेच गंजतात.

तेल गेलं की मगच आंबट. तेलाखाली आंबट पोचतच नाही. पितळेच्या बर्नरवर आमसुलाची सालं चोळा, काळपट थर सुटेल. दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, लगेच साध्या पाण्याने धुवा. हलका बर्नर असेल तर धुण्याचा सोडा लांब ठेवा, भांड्याचा साबण पुरे. भोकं वाढवणीच्या, म्हणजे केरसुणीच्या, सुक्या हिराने मोकळी करा. आतल्या जेटच्या बारीक भोकात मात्र सुई घालू नका, ते मोठं झालं तर गॅस जास्त सुटतो. ते काम मेकॅनिकचं. ब्लीच आणि कुठलंही आंबट एकत्र, कधीच नाही. त्यातून क्लोरीन निघतो.

बर्नर पंख्याखाली उपडे, रात्रभर. भाद्रपदात उन्हाची वाट बघू नका. सकाळी नीट खाचेत बसवा आणि पेटवा: ज्योत निळी, स्थिर हवी. पिवळी आली तर पाणी आहे किंवा बर्नर तिरका बसलाय. गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा आणि गॅसगळतीचा मदतीचा नंबर १९०६ लावा.

काय म्हणालात? काचेची शेगडी? तापलेल्या काचेवर ओला फडका नको, तडकते. बाकी सोडा तोच. आणि वन्सं आता चवथीला आल्या की चहाआधी बर्नर उचलून हातावर तोलतात.