लिस्बनच्या गल्लीत परकर घेऊन

नमस्कार मंडळी. मला आठ मिनिटं दिलीयत आणि विषय आहे लिस्बन, म्हणजे पोर्तुगालची राजधानी, जिथे मी ऑक्टोबरात नऊ दिवस राहून आले. एकटी. परत सांगते, एकटी, कारण वेंगुर्ल्यात अजून लोक विचारतात, "पण सोबत कोण होतं?" कोणी नव्हतं हो. पस्तीस वर्षं पोस्टात काउंटरला बसून लोकांच्या पत्त्यांवर शिक्के मारले, रिटायर झाल्यावर म्हटलं एक तरी लांबचा पत्ता आपण स्वतः जाऊन बघू. आणि लिस्बनच का, तर गोव्याच्या सीमेवर जन्म गेला, ज्या लोकांनी तिथे 1510 पासून 1961 पर्यंत बस्तान मांडलं त्यांचं स्वतःचं घर कसं आहे ते बघायचं होतं.

तर शहर आहे टेकड्यांवर. सात टेकड्या म्हणतात, माझ्या गुडघ्यांना विचाराल तर जास्त आहेत. खाली तेजो नदी, एवढी रुंद की पहिल्या दिवशी मी तिला समुद्रच समजले. फुटपाथ सगळे बारक्या पांढऱ्या दगडांचे, मधेमधे काळ्या दगडांची नक्षी, दिसायला रांगोळी पण पाऊस पडला की शेवाळलेली विहिरीची पायरी. त्यामुळे बूट ग्रिपवाले घ्या. परत सांगते, ग्रिपवाले, चपला नकोत. आणि ती पिवळी अठ्ठावीस नंबरची ट्राम, जिचे फोटो सगळे टाकतात, तिच्यात चढायचं तर सकाळी लवकर, नंतर तिच्यात माणसं कमी आणि खिसेकापू जास्त असं सगळेच सांगतात. मी सातला चढले, बसायला खिडकी मिळाली, पर्स पोटाशी.

बेलें नावाचा भाग आहे नदीकाठी, तिथल्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. हा माणूस वारला कोचीत, 1524 साली, पुरला पण तिथेच, मग नंतर त्याची हाडं जहाजातून घरी नेली. तिथून थोडं पुढे उंच खांबावर आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा, आता त्याच्या नावावरून आपला हापूस, म्हणून मी खाली उभी राहून मनात म्हटलं, बाबा तू गोवा घेतलास ते घेतलंस पण आंब्याचं नाव चांगलं ठेवून गेलास. आणि हापूस म्हणजे देवगड की रत्नागिरी हा जो वाद घालतात ना, त्यांनी एकदा वेंगुर्ल्याचा खाऊन बघावा, मग बोलावं. असो, विषय तो नाही. तिथेच जवळ 1837 पासूनचं दुकान आहे, अंड्याच्या कस्टर्डच्या गरम वाट्या मिळतात, पापुद्रे खारीसारखे, वरून दालचिनी भुरभुरायची. मिरी-दालचिनीसाठीच हे सगळे एवढा समुद्र ओलांडून आले होते, ती आता टेबलावर फुकट ठेवलेली असते, हवी तेवढी घ्या.

अजून एक सांगायला हवं, 1755 चा भूकंप. 1 नोव्हेंबर, सणाचा दिवस, चर्चमध्ये मेणबत्त्या लागलेल्या, माणसं आत, आणि जमीन हलली. मग नदीतून लाट आली, मग आग. खालचं शहर गेलंच. नंतर ते सरळ रेषेत, चौकटी आखून बांधलं, पण टेकडीवरचं कार्मोचं चर्च अजून बिनछपराचं ठेवलंय, आत उभं राहिलं की कमानींच्या मधून थेट आभाळ. आल्फामा नावाची जुनी वस्ती मात्र खडकावर होती म्हणून बरीचशी वाचली, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या, दोन हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात.

माझी खोली या आल्फामात. आणि आता जे सांगायचंय ते सांगते, निम्मा वेळ गेलाच आहे.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना. तिथे सगळे कपडे खिडकीबाहेर दोरीवर वाळत घालतात, अगदी सगळे, आतले-बाहेरचे. मला बरं वाटलं, आपल्यासारखंच. चौथ्या दिवशी सकाळी मी पण घातले, आणि माझा परकर, क्लिप नीट लागली नसणार, गेला खाली. तीन मजले तरंगत गेला आणि तळमजल्यावरच्या एका आजीच्या फुलझाडाच्या कुंडीवर बसला. मी अंगात गाऊन, त्यावर ओढणी टाकली, धावत खाली. परकर उचलला, आणि वर जाऊन बघते तर माझ्यामागे वाऱ्याने खोलीचा दरवाजा धाडकन. त्याला बाहेरून मूठच नाही, ओढला की लॅच लागतो. चावी आत. फोन आत. पाकीट आत. परत खाली येऊन गल्लीत उभी राहिले, साठ वर्षांची बाई, गाऊन, ओढणी, हातात परकर.

आणि तेवढ्यात वरून आवाज येतो गणपतीच्या आरतीचा. माझी रिंगटोन! पुण्याहून मुलाचा फोन, रोज याच वेळी करतो. पूर्ण वाजली, थांबली, परत सुरू. आल्फामाच्या गल्लीत पाच वेळा आरती झाली मंडळी, आणि मी खाली हात जोडायचे बाकी.

ती आजी खिडकीत उभी राहून सगळं बघत होती, ऐंशीच्या पुढची असेल. काहीतरी विचारलं, मला ढिम्म कळलं नाही. इंग्लिश तिला नाही, पोर्तुगीज मला नाही. मी वर बोट केलं, हाताने कुलूप उघडल्यासारखं केलं आणि तोंडातून आपलं आपोआप गेलं, "चावी. चावी आत राहिली." आजी थांबली. म्हणाली, "शाव?" मी म्हटलं, "चावी." ती म्हणाली, "शाव!" आणि स्वतःची चावी खिशातून काढून माझ्यासमोर नाचवली.

आता तुम्हाला शाळेतली ती व्याकरणाची यादी आठवते का, दोन मार्कांची, पोर्तुगीज भाषेतून आलेले शब्द, चावी, पगार, बटाटा, कोबी, मेज, तुरुंग? आपण सगळ्यांनी पाठ केली आणि विसरलो. मी तिथे उभी राहून ती यादी आठवायला लागले. खिडकीकडे बोट केलं आणि आमच्या आईचा शब्द काढला, "जनेल," म्हणजे जनेल उघडं आहे, शिडी आहे का. आजीचे डोळे हे एवढे झाले. "झनेला!" आईला आम्ही लहानपणी हसायचो हो, मास्तर म्हणायचे खिडकी म्हणा, जनेल गावंढळ आहे.

मग काय, आजी घरमालकाच्या आईला ओळखत होती, तिने फोन केला. मालक राहतो नदीपलीकडे, त्याला फेरीबोटीने यायचं, म्हणजे दोन-अडीच तास. मला आत ओढलं, खुर्चीत बसवलं, मला "फिल्या, फिल्या" करत, म्हणजे मुली, हे मला मागाहून कळलं. समोर सूपचा वाडगा ठेवला, हिरवंगार. मी घाबरले, कारण मी मासे खाते पण मटण-बिटण नाही, आणि वरती सॉसेजची चकती तरंगत होती. मी चकतीकडे बोट करून मान हलवली, आजीने ती चमच्याने उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली, वाडगा परत माझ्यापुढे. मी चमच्याने ढवळून विचारत गेले, हे काय? "बताता." बरं. हे? "कोव." कोबी! आपला गड्ड्याचा नाही, सुट्ट्या पानांचा, पार दोऱ्यासारखा बारीक चिरलेला. बाजूला ब्रेड होता, मी म्हटलं, "पाव." ती म्हणाली, "पाँव." असं आमचं जेवण झालं. पाव चांगला होता, कडक सालीचा, आपल्याकडच्या उंड्यासारखा, जो आता सावंतवाडीतसुद्धा धड मिळत नाही, सगळीकडे तो कापसासारखा स्लाइस ब्रेड आलाय, त्यावर कोणीतरी बोललं पाहिजे.

शेवटी माझी हुशारी नडली. पैसे विचारावेत म्हणून मी वाडग्याकडे बोट करून म्हटलं, "पगार?" त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे देणं, हे बरोब्बर आठवलं होतं. आजी एवढी भडकली, कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं बोलली, एक शब्द कळला नाही पण सगळं कळलं, आमची मावशी अशीच बोलते. मी गप्प आणखी अर्धा वाडगा सूप प्यायले. मालक आला तेव्हा मला झोप लागली होती, परकर मांडीवर घडी घालून.

तेव्हा मंडळी, कुठेही एकटे जा, चावी गळ्यात बांधा. परत सांगते, गळ्यात. पर्समध्ये नाही, टेबलावर नाही, गळ्यात, आणि कपड्याला दोन क्लिपा.

निघायच्या दिवशी मी बॅगेतलं काजूचं पाकीट घेऊन खाली गेले, आपल्या वेंगुर्ल्याचे, सोललेले, पाव किलो. पैसे द्यायची हिंमत नव्हतीच. पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, "काजू." आजी म्हणाली, "काझू," मला जरा सुधारल्यासारखं. एक काजू तोंडात टाकला, सावकाश चावला, मान हलवली, आणि आत जाऊन मिठाची बरणी घेऊन आली.