हेडला कटर लावण्यापूर्वी

मित्रहो, 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि 1962 साली किर्लोस्कर कमिन्स ज्या शहरात सुरू झाल्या, त्या पुण्यात डिझेल इंजिन म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. आजचा विषय एवढाच आहे की, स्वतः बनवलेला इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळ्यांची जोडणी) बसवण्यासाठी सिलिंडर हेड (सिलिंडरांवरचा ओतीव भाग) कापावे लागते, तेव्हा नेमके काय करावे लागते.

उदाहरणासाठी कमिन्सचे बी मालिकेतील 5.9 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घेऊ. त्याला वेगळा इनटेक मॅनिफोल्ड नाही. हवेची पेटी हेडबरोबरच बिडात (ओतीव लोखंडात) ओतलेली असते आणि वर फक्त झाकण बसते. हवा दाबून देणाऱ्या टर्बोकडून आलेली हवा या पेटीत शिरते आणि तिथून सहा पोर्टांत, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटांत, वाटली जाते. ही वाटणी समसमान होत नाही. मिनिटाला 2500 फेऱ्यांवर सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढण्याच्या, एका स्ट्रोकला सुमारे 12 मिलिसेकंद मिळतात, आणि ज्या सिलिंडरला तेवढ्या वेळात हवा कमी पोचते, त्याला डिझेल मात्र इतरांइतकेच मिळत असल्याने त्याचे एक्झॉस्ट अधिक तापते. मॅनिफोल्ड बदलण्याचे खरे कारण हेच असावे. नुसत्या देखण्या पाइपांसाठी चांगले हेड कापणे मला मान्य नाही.

मिलिंगवर पेटी कापून काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. अवघड आहे ते त्यामागे उरलेल्या भिंतीवर हवाबंद फेस (सपाट पृष्ठभाग) तयार करणे, कारण त्या भिंतीच्या पलीकडे इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळत असते. भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये एका हेडचा फेस स्वच्छ निघावा म्हणून मी दोन मिलिमीटरचा आणखी एक कट घेतला होता. डोळ्यांना काहीच दिसले नाही. पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत तीन बार दाबाची हवा दिली, तेव्हा चौथ्या पोर्टाखालून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर येऊ लागली. ते हेड वाया गेले. तेव्हापासून अल्ट्रासॉनिक गेजने पोर्टाभोवतीची जाडी मोजून, खडूने हेडवरच लिहून ठेवल्याशिवाय मी कटर लावत नाही.

काही जण बिडावर फ्लँज (मॅनिफोल्ड जोडायची पट्टी) थेट वेल्ड करतात. बिडात कार्बन तीन टक्क्यांच्या आसपास असतो. जोड भराभर थंड झाला की वेल्डलगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि रात्रीतून तडकतो. निकेलचा रॉड, आधी तापवणे, मग राखेत पुरून सावकाश निववणे हे सगळे केले, तरी फेस वाकण्याची भीती राहतेच. म्हणून मी स्टड (हेडमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे) आणि गॅस्केटचाच जोड पसंत करतो. मात्र स्टडचे भोक पाण्यात उतरणार नाही, हे त्याच जाडीच्या आकड्यांवरून ठरवावे लागते.

फ्लँज ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक हिशेब आहे. 700 मिलिमीटर लांबीवर तापमान 60 अंशांनी वाढले, तर ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक वाढते. म्हणून मध्यभागी डॉवेल (जागा पक्की करणारी खुंटी) द्यावा आणि दोन्ही टोकांची भोके लांबट ठेवावीत, म्हणजे फ्लँज मधून दोन्हीकडे सरकू शकते. नव्या मॅनिफोल्डची पेटीही सपाट पत्र्याची नको. 70 बाय 8 सेंटिमीटरच्या भिंतीवर दोन बार बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, जोर एक टनाहून अधिक होतो. गोल नळीच तो सहन करते.

पोर्ट घासण्याचा मोह आवरावा. दोन व्हॉल्व्हच्या हेडमध्ये पोर्टाचा बाक हवा भोवऱ्यासारखी फिरवतो आणि त्या फिरण्यातच डिझेल मिसळते. बाक घासून सरळ केला तर हवा वाढूनही काळा धूर येतो. इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागांच्या, सहाही नळ्या सारख्या लांबीच्या असतात, त्यामुळे मॅनिफोल्डला जागा व्हावी म्हणून एखादी आखूड करणे योग्य नाही, रनरच (पेटीपासून पोर्टापर्यंतची नळी) वळवावा. रस्त्यावरच्या वाहनाला मोटार वाहन कायदा 1988 चे, वाहनातील बदलांवर बंधने घालणारे, कलम 52 लागू आहे, तेव्हा हे काम स्पर्धेच्या इंजिनांपुरते ठेवावे.

काम जमले की नाही हे कानाने कळत नाही. प्रत्येक एक्झॉस्ट पोर्टाला एक असे सहा थर्मोकपल (तापमान मोजणारी उपकरणे) लावून, कापण्याआधी आणि नंतर, एकाच लोडवर आकडे घ्यावेत. नंतरही एखादा सिलिंडर वेगळा तापत असेल, तर मी मॅनिफोल्डला हात लावण्याआधी त्याचा इंजेक्टर काढून तपासतो.