पार्ल्याचा नकाशा, भुकेच्या वेळांनी

मंडळी, पार्ल्यावर बोलायचं म्हणजे पार्लेश्वर, १९२१ सालचं टिळक विद्यालय, त्यापाठोपाठ १९२३ चा लोकमान्य सेवा संघ ही नावं आधी घ्यावी लागतात. ती घेतली असं समजा. आज मी खाण्यावर बोलणार आहे.

माझं म्हणणं एवढंच की, उपनगरात कुठलं हॉटेल कुठे चालतं हे मालकाच्या हौसेवर ठरत नाही. किती वाजता, कुठल्या दारातून, कोण भुकेलेला बाहेर पडतो त्यावर ते ठरतं. पार्ल्याचं सगळ्यात मोठं स्वयंपाकघर मात्र याला अपवाद. १९२९ साली चौहान कुटुंबाने कारखाना काढला, तो गोळ्या-चॉकलेटांचा. बिस्किटं दहा वर्षांनी आली. तिथे गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं नव्हतं, आणि गावाचं नाव देशभरच्या चहात बुडत होतं! आपल्या वाट्याला आला फुकटचा वास. लोकलमध्ये पेंगणारा माणूस त्या वासाने जागा होऊन उतरायचा. २०१६ मध्ये इथलं उत्पादन थांबलं. तेव्हापासून पेंगणाऱ्यांनी काय करावं, ते रेल्वेला विचारा.

आता स्टेशनात पूर्वेला उतरा. संध्याकाळी सातची गर्दी. हा माणूस घरी जेवणारच आहे, घरी कुकर लागलेला आहे. म्हणून त्याला जेवण नको, घरापर्यंत पोचवणारं काहीतरी हवं. बाबूचा वडापाव नेमकं तेच काम करतो: उभ्याने खायचा, हात रुमालाला पुसायचे आणि घरी ‘काही खाल्लं नाही’ म्हणायचं. ज्याला दहा मिनिटं टेकायचंय त्याच्यासाठी उडप्याकडची इडली आणि कॉफी.

दीनानाथ नाट्यगृहाची भूक आणखी वेगळी. ती मध्यंतरात लागते, म्हणजे मोजून पंधरा मिनिटं. तिथे बटाटेवड्याला पर्याय नाही. मसाला डोसा येईपर्यंत तिसरा अंक सुरू व्हायचा. नाटक पडलं तरी वडा पडत नाही, हे इथे बसलेले जुने प्रेक्षक सांगतील.

हनुमान रोडवरची ‘गजाली’ मात्र या घाईत बसत नाही. मालवणीत गजाली म्हणजे गप्पा. तिथे बोंबील आणि तिसऱ्या खायला माणूस ठरवून, घरच्यांना घेऊन येतो. ज्या पूर्व पार्ल्याची ख्याती वरणभात-तुपाची, तिथेच हे हॉटेल नावारूपाला आलं. पार्लेकरांनी आपल्याबद्दलच्या समजुती किती गंभीरपणे घ्याव्यात, याचं हे उत्तर आहे.

पूल ओलांडून पश्चिमेला गेलात की घड्याळ बदलतं. मिठीबाई कॉलेजसमोर ‘आनंद’च्या तव्यावर दुपारी तीनलाही गर्दी. डोशात भाजी, चीज, शेजवान असं काय काय कोंबलेलं असतं. मला ते झेपत नाही, पण तो डोसा माझ्यासाठी नाहीच. चार जणांचे पैसे एकत्र करून एक मागवायचा आणि लेक्चर बुडवायचं, अशा पोटांसाठी तो आहे.

आणि मग रात्र. कूपर रुग्णालयाजवळचं ‘अमर ज्यूस सेंटर’ नाटक-सिनेमा आटोपून गाडीतून आलेल्या मंडळींचं म्हणून ओळखलं जातं. पावभाजी गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाणारी ही मंडळी मोठ्याने हसत असतात. पण जरा कडेला पाहा. हातात औषधांची पिशवी घेतलेला एखादा माणूस मोसंबीचा रस बांधून मागत असतो. स्वतःसाठी काही घेऊ का नको, ते त्याचं ठरलेलं नसतं. शेवटी तो एक पाव-मस्का घेतो आणि खात खातच रस्ता ओलांडतो.