आवाज ओळखीचा, चेहरा अनोळखी

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या जर्मन नट-निवेदकाविषयी बोलणार आहे त्यांचं नाव हान्स पेच. हो, आपला डावपेचातला पेच, फक्त च 'चित्र'मधला. जर्मनीत अनेकांनी त्यांना रस्त्यात पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. पण त्यांनी तोंड उघडून एक वाक्य म्हटलं असतं, तर पन्नाशीतला माणूससुद्धा क्षणभर सहा वर्षांचा झाला असता.

जन्म ७ डिसेंबर १९०९ चा, आल्सास प्रांतातल्या एका गावात. आल्सास तेव्हा जर्मन साम्राज्यात होता, आज तो फ्रान्समध्ये आहे. पेच १९४७ साली हॅम्बुर्गच्या थालिया थिएटरमध्ये रुजू झाले आणि १९७५ पर्यंत तिथेच राहिले. अठ्ठावीस वर्षं, एकच नाट्यसंस्था! जर्मनीत नाट्यगृहाची स्वतःची पगारी नटमंडळी असते. आज राजा, उद्या नोकर, परवा तीन वाक्यांचा डॉक्टर. आपल्याकडचा नट दौऱ्यावर निघतो. तिथला नट मुक्कामाला असतो आणि नाटकं बदलत राहतात.

१९४७ चं हॅम्बुर्ग डोळ्यांसमोर आणा. चार वर्षांपूर्वीच्या बॉम्बवर्षावात शहराचे भागच्या भाग जळून गेलेले. थालियाच्या इमारतीलाही युद्धाचा मार बसला होता, ती पूर्ण उभी राहायला १९६० उजाडलं. अशा शहरात नाटक घरोघर पोचवलं ते रेडिओनं. वोल्फगांग बोर्शेर्ट या तरुण लेखकाचं युद्धातून परतलेल्या सैनिकाचं नाटक फेब्रुवारी १९४७ मध्ये हॅम्बुर्ग केंद्रावरून आधी ऐकवलं गेलं. रंगमंचावर आलं ते नोव्हेंबरात, लेखकाच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. नभोनाट्याला एवढा मान असलेल्या गावात पेच नट म्हणून स्थिरावले आणि मायक्रोफोनसमोरही उभे राहू लागले.

इथे थोडं आमच्या धंद्याचं सांगते. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायला हवं. मायक्रोफोनसमोर उलटं, समोर एकच माणूस बसलाय असं धरून बोलायचं. खुर्ची करकरू द्यायची नाही. कागद उलटायचा नाही, हळूच बाजूला सरकवायचा. मोठमोठे नट इथे अडखळतात, कारण त्यांना 'करून' दाखवायची सवय असते. पेच करून दाखवत नाहीत, सांगतात. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळत नाहीत, आणि गोष्टीत लांडगा आला म्हणून घाईही करत नाहीत. लांडगा येणारच आहे, ते त्यांना ठाऊक असतं.

हा लांडगा त्यांच्या वाट्याला पुष्कळ आला. १९६०च्या दशकात हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न गावातून 'ऑयरोपा' नावाखाली मुलांच्या गोष्टींच्या स्वस्त तबकड्या निघू लागल्या. एक एलपी पाच मार्कांना (मार्क म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन), तीही डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. पुढे त्याच गोष्टी कॅसेटवर आल्या. ग्रिमबंधूंच्या, आंदरसनच्या कथा, आणि निवेदक बहुतेकदा हान्स पेच. लोक त्यांना 'देशाचे गोष्टीवाले काका' म्हणू लागले. आपली कहाणी 'आटपाट नगर होतं' म्हणून उघडते, जर्मन कथा 'एस वार आइनमाल', म्हणजे 'एकदा काय झालं'. हे दोन-तीन शब्द त्यांनी किती वेळा उच्चारले असतील! तरी दर वेळी वाटतं, गोष्ट त्यांना आत्ताच आठवली आहे.

माझी लाडकी मालिका मात्र परीकथांची नाही, 'हुई बू' या भुताची आहे. हे भूत एका किल्ल्यात राहतं, गंजकी साखळी खुळखुळवतं आणि त्याच्याकडे भूतगिरीचा चक्क सरकारी परवाना आहे. परवानाधारक भूत! हे जर्मनांनाच सुचावं. भुताचा चिरका, उड्या मारणारा आवाज हान्स क्लारिन यांचा. निवेदन पेच यांचं, अगदी गंभीर. एक इतका गंभीर आहे म्हणूनच दुसऱ्याचं हसू येतं. रात्री दिवा मालवलेला, कॅसेटची बाजू संपते, बटण खट्कन वर येतं आणि ऐकणारं पोर कधीच झोपलेलं असतं. निवेदकाला याहून मोठी टाळी कुठली?

या कॅसेट ऐकत वाढलेली पिढी मोठी झाली, तरी तिनं त्या सोडल्या नाहीत. जर्मनीत चांगली कमावती माणसं आजही झोपताना लहानपणच्या श्रुतिका लावतात.

आणि मग १९९८ साली टॉम टिकवर यांचा 'लोला रेन्ट', म्हणजे 'लोला धावते', हा चित्रपट आला. लाल केसांची मुलगी, वीस मिनिटं, एक लाख मार्क आणि नुसती धावाधाव. हिंदीत २०२२ मध्ये आलेला 'लूप लपेटा' यावरूनच केलेला. इतका वेगवान, टेक्नो संगीतावर धावणारा चित्रपट. पण सुरुवातीला गर्दीतून कॅमेरा फिरत असताना माणूस नावाच्या प्राण्याविषयी प्रश्न विचारणारा जो आवाज येतो, तो संथ आहे, म्हातारा आहे, गोष्ट सांगायला बसलेला आहे. तो पेच यांचा.

३ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते हॅम्बुर्गमध्येच गेले. तो चित्रपट कधी लावलात, तर सुरुवातीचा तेवढा भाग डोळे मिटून ऐका. जर्मन येत नसलं तरी चालेल. बोलणारा माणूस तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता, आणि शेवटचं अक्षर तेव्हाही गिळत नव्हता.