गोड्या पाण्यापायी मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

द्वारकेहून ओख्याला रेल्वेने गेला असाल, तर वाटेत मीठापूर लागलं असेल. गुजरातीत 'मीठुं' म्हणजे मीठ आणि 'मीठुं' म्हणजे गोडही. या गावाला पहिलं मुबलक मिळालं, दुसऱ्यासाठी मात्र वणवण.

हा ओखामंडळाचा मुलूख बडोदे संस्थानचा, म्हणजे आपल्या गायकवाडांचा. ओखा बंदरही सयाजीरावांच्याच कारकिर्दीतलं. कपिलराम वकील नावाच्या उद्योजकांनी इथे मिठाचं काम मांडलं आणि १९३९ साली टाटा केमिकल्स स्थापन झाली. गाव वसलं ते कारखान्याभोवती.

पेण-उरणकडच्या मंडळींना मिठागर काही नवं नाही. समुद्राचं पाणी या कोंडीतून त्या कोंडीत सोडत न्यायचं, ऊन-वाऱ्याने आटवायचं. आधी जिप्सम तळाशी बसतं, मग मीठ. शेवटचं पाणी वेळेवर काढलं नाही तर त्यातलं मॅग्नेशियम मिठाला कडू करतं. सगळी मदार आगऱ्याच्या नजरेवर.

पण इथे मीठ हा कच्चा माल. मिठाचं दाट पाणी, अमोनिया आणि चुनखडी भाजून निघालेला वायू एकत्र आले, की खाली बसतो तो खाण्याचा सोडा. तो तापवला की झाला सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा. काचेला तो हवा, साबणाच्या पावडरीला हवा.

या सगळ्याला वाफ लागते आणि वाफेला गोडं पाणी. घरच्या गीझरची कॉइल उघडून पाहा, बोअरच्या पाण्याने तिच्यावर कसा पांढरा थर चढतो. मग बॉयलरला खारं पाणी पाजलं तर काय होईल! आणि ओखामंडळात पाऊस म्हणाल तर बेभरवशाचा. तेव्हा समुद्राचंच पाणी उकळून गोडं करायचं ठरलं. पाणी मिळालं आणि मागे उरलं अगदी शुद्ध मीठ. तेच आयोडीन घालून १९८३ साली पिशवीतून बाजारात आलं. तुमच्या-आमच्या ओट्यावरचं टाटा मीठ ते हेच. मला तर ही गोष्ट कुठल्याही जाहिरातीपेक्षा गमतीची वाटते.

याच भागातल्या चरकल्याच्या मिठागरांत रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला लोक मुद्दाम जातात. सोड्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या चिखलाचं इथे सिमेंटही करतात. पण या प्रक्रियेत सोड्याच्या बरोबरीने कॅल्शियम क्लोराइडही तयार होतं. जगभरच त्याला पुरेसं गिऱ्हाईक नाही, आणि समुद्रकाठच्या कारखान्यांना ते सोडायला समुद्रच जवळचा.